कॅडी १४८: जुन्या वाघिणींना नवा कपलर

मॉडेल रेल्वेच्या, एचओ मापाच्या (खऱ्याच्या १/८७ आकाराच्या) जुन्या मालवाघिणी हाताशी आहेत, त्या सुधारायच्या आहेत, पण सुरुवात कुठून करायची ते ठरत नाही, असं असेल तर माझं उत्तर सरळ आहे. आधी कपलर, म्हणजे वाघिणी एकमेकींना जोडणारा आकडा, बदला. पायऱ्या, दांड्या, ब्रेकचे पाइप, गंजाचा रंग हे सगळं मागाहून. आणि बदलायचाच तर कॅडी या अमेरिकन कंपनीचा १४८ क्रमांकाचा धातूचा कपलर घ्या. मी तो बरीच वर्षं वापरते आहे. रोज राबणाऱ्या माझ्या वाघिणींवर आता दुसरा कपलर उरलेला नाही.

माझी मांडणी छोटी आहे: एक यार्ड (वाघिणी जोडायची-सोडवायची जागा), काही साइडिंग (बाजूला गेलेले फाटे) आणि त्यांना जोडणारी एकेरी लाइन. गोल फिरणारी गाडी बघत बसण्यापेक्षा वाघिणी सोडवून नेमक्या जागी नेऊन ठेवायच्या आणि रिकाम्या उचलून आणायच्या, यात मला आनंद मिळतो. मामांनी जमवलेल्या, खऱ्या मापाने चाळीस फुटी अशा बंद वाघिणींची किटं माझ्याकडे आली, त्यांतल्या बहुतेकांना एक्स-टू-एफ जातीचे जुने प्लॅस्टिकचे आकडे होते. अमेरिकेतल्या तयार संचांमध्ये हा आकडा १९५० च्या दशकापासून पुढची चाळीसेक वर्षं सर्रास दिसायचा. त्याला बाजूला एक शिंग असतं आणि दोन आकडे एकमेकांना आडवे रेटत अडकतात. गाडी ओढताना चालून जातं. पण मागे ढकलू लागलं की तोच आडवा रेटा थेट चाकांवर येतो, आणि आकडा बोगीलाच (वाघिणीखालच्या चाकांच्या फिरत्या चौकटीला) जोडलेला असेल तर बोगी तिरकी होऊन चाक रुळावर चढतं. यार्डात अर्धं काम मागे ढकलण्याचंच असतं. तिथे हा आकडा निरुपयोगी आहे.

१४८ ची रचना वेगळी आहे. डोकं खऱ्या रेल्वेच्या कपलरसारखं: मिटणारा-उघडणारा जबडा आणि त्याला बंद ठेवणारी केसाएवढ्या तारेची स्प्रिंग. दांडी मध्यम लांबीची, ९/३२ इंच. दांडीच्या मागच्या टोकाशी दोन्ही बाजूंना मिशांसारख्या दोन बारीक लवचिक तारा आहेत. कपलर ज्या छोट्या डबीत बसतो तिच्या भिंतींना त्या टेकतात आणि कपलरला सतत मध्यावर आणतात. कॅडीच्याच जुन्या ५ क्रमांकाच्या कपलरमध्ये हे काम पितळी रंगाची वेगळी पत्री स्प्रिंग करायची. ती डबीत नीट बसवायची, वर कपलर ठेवायचा आणि झाकण लावेपर्यंत सगळं जागेवर धरून ठेवायचं, असा खटाटोप होता. १४८ मध्ये तो संपला. कपलर डबीत टाका, झाकण दाबा, टक् आवाज आला की झालं. पाच क्रमांकाची जागा घेण्यासाठीच हा काढलेला असल्याने ज्या वाघिणीत पूर्वी ५ बसत होता तिथे हाही बसतो.

वाघिणीला लावण्यापूर्वी मी प्रत्येक डबी हातात धरून तपासते. दातकोरणीच्या टोकाने कपलर एका बाजूला सारायचा आणि सोडून द्यायचा. तो अडखळता, हळू हळू परत आला तर उपयोग नाही. झटक्यात मध्यावर यायला हवा. दोन्ही बाजूंना करून बघायचं. अडखळत असेल तर बहुतेक वेळा दांडीच्या कडेला ओतकामाची बारीक रेघ राहिलेली असते. बारीक कानशीचे दोन-तीन हात फिरवले की ती जाते. मग डबीत चिमूटभर ग्रॅफाइटची कोरडी भुकटी. कॅडीची स्वतःची ग्रीस-एम नावाची भुकटी याचसाठी आहे. तेल मात्र कधीच नको, ते धूळ धरतं आणि काही महिन्यांत डबीत चिकट लगदा होतो.

बसवण्याचं काम वाघीण कशी आहे यावर अवलंबून. तळाला आधीच डबीची जागा असेल तर पाच मिनिटांचा खेळ. ज्या वाघिणींचा आकडा बोगीला होता, तिथे काम थोडं जास्त. बोगीचा पुढे आलेला हात कापून टाकायचा, तळाच्या टोकाला स्टायरीन प्लॅस्टिकची पट्टी चिकटवून बैठक करायची आणि तिच्यावर डबी स्क्रूने आवळायची. मी २-५६ या अमेरिकन मापाचा स्क्रू वापरते. त्याच्या आट्यांसाठी ५० नंबरच्या ड्रिलने, म्हणजे १.७८ मिलिमीटरचं भोक पाडते. डबी चिकटवून टाकण्याच्या मी ठाम विरोधात आहे. कधीतरी स्प्रिंग बदलावी लागते, कधी उंची सुधारावी लागते, आणि तेव्हा सुपरग्लूने धरलेली डबी तळासकट उखडते.

उंची हा या सगळ्या कामाचा गाभा. रुळाच्या माथ्यापासून कपलरच्या मध्यापर्यंतचं अंतर २५/६४ इंच, म्हणजे जवळपास ९.९ मिलिमीटर असायला हवं. हे डोळ्यांनी जोखता येत नाही, ज्यांना येतं असं वाटतं त्यांच्याही गाड्या चढावर सुटताना मी पाहिल्या आहेत. कॅडीचं २०६ क्रमांकाचं उंचीमापक घ्याच. ते विद्युतरोधक असल्याने वीज चालू असलेल्या रुळांवरही ठेवता येतं. वाघीण त्याच्याशी आणून भिडवायची आणि दोन्ही कपलर समोरासमोर येतात का ते आडव्या नजरेने बघायचं. वाघीण खाली असेल तर बोगी आणि बोल्स्टर (तळाचा, बोगीवर टेकणारा आडवा भाग) यांच्यामध्ये पातळ वॉशर घालायचा. कॅडीचे करडे आणि लाल फायबरचे वॉशर यासाठीच मिळतात. कपलर वर असेल तर डबी आणि तळ यांच्यामध्ये स्टायरीनचा तुकडा. मापकाला खाली एक छोटा ओटा आहे, त्यावरून कपलरची खाली लोंबणारी वाकडी तार, म्हणजे ट्रिप पिन, न घासता जायला हवी. पिन खाली आलेली असेल तर ती सांध्यांत आणि क्रॉसिंगवर अडकते आणि वाघिणीला रुळावरून उचलते. ती वर वळवायला कॅडीचा खास चिमटा आहे. साध्या पक्कडीने हे करू नका, पिन डोक्यातच सैल होते.

आता ज्या गुणासाठी मी या कपलरवर जीव टाकते, तो चुंबकाचा खेळ. दोन रुळांच्या मध्ये, साइडिंगच्या तोंडाशी, एक चपटा कायमचा चुंबक बसवलेला असतो. गाडी ताणात असताना वरून गेली तर काही होत नाही. जबडे एकमेकांत घट्ट अडकलेले राहतात. पण इंजिन थांबवून किंचित मागे घेतलं, कपलरमध्ये ढिलाई आली, की चुंबक दोन्ही पिना विरुद्ध रुळांकडे ओढतो, जबडे उघडतात आणि वाघिणी सुटतात. इथपर्यंत बाकीच्यांनाही जमतं. पुढची गंमत अशी की चुंबकावर सुटलेल्या अवस्थेत इंजिन पुन्हा वाघिणीकडे आणलं तर बाजूला सरकलेली दोन डोकी एकमेकांत न अडकता शेजारी टेकतात. म्हणजे वाघीण सुटलेलीच आहे, तरी तिला ढकलत साइडिंगच्या आत हव्या त्या जागेपर्यंत न्यायचं, थांबायचं आणि इंजिन मोकळं मागे आणायचं. वाघीण तिथेच राहते. एक चुंबक तोंडाशी लावला की आतल्या सगळ्या गोदामांच्या दारांशी हात न लावता वाघिणी ठेवता येतात. यार्ड चालवणाऱ्याला आणखी काय हवं!

हे सगळं सुरळीत व्हायचं तर वाघीण चुंबकापाशी स्वतःहून हलता कामा नये. इथे चाकांचा प्रश्न येतो. जुन्या किटांत प्लॅस्टिकची चाकं असतात. ती रुळावरचा मळ उचलतात आणि पुन्हा रुळावरच पसरवतात. म्हणून धातूची चाकं घालावीत हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण आस लोखंडी असेल तर चुंबक तो ओढतो, वाघीण चुंबकाच्या दिशेने अर्धा सेंटीमीटर सरकते, ढिलाई नको तिथे निर्माण होते आणि चालत्या गाडीतली वाघीण मध्येच सुटते. आस चुंबकाला न चिकटणारा असला पाहिजे. कॅडीची धातूची चाकं याच विचाराने केलेली आहेत, मी त्यांचे खऱ्या मापाने ३३ इंची संच वापरते. अमेरिकन मालवाघिणींच्या मोठ्या काळाला हेच माप लागू पडतं. चाकं घालण्याआधी बोगीच्या कडेच्या चौकटीतले आसाचे खड्डे शंकूच्या हत्याराने एकदा साफ केले तर वाघीण नुसत्या फुंकरीने चालू लागते.

वजनाचं थोडक्यात. अमेरिकेतली नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन १९३५ पासून या छंदाची मापं ठरवते आहे. तिच्या शिफारशीनुसार एचओ वाघिणीचं वजन एक औंस, अधिक लांबीच्या प्रत्येक इंचामागे अर्धा औंस. चाळीस फुटी वाघीण साडेपाच इंचांची होते. हिशेब पावणेचार औंसांचा, म्हणजे सुमारे १०६ ग्रॅम. वजन तळाशी ठेवायचं, छपराखाली नाही. हलक्या वाघिणीशी कपलर जोडायला गेलं की जबडा मिटण्याआधी वाघीणच पुढे पळते, आणि दोष उगाच कपलरला लागतो. बोग्यांचे स्क्रूही एकसारखे आवळू नयेत: एक बोगी फक्त फिरेल इतपत घट्ट, दुसरी थोडी डुलेल इतकी ढिली. वाघीण तीन बिंदूंवर उभी राहते आणि वाकड्या रुळावरही चारही टोकांची चाकं टेकलेली राहतात.

यानंतर सजावटीला हात घालायचा, आणि त्यातही मी कपलरच्या आसपासच्या भागापासून सुरुवात करते, कारण नजर तिथेच जाते. खऱ्या वाघिणीच्या टोकाला कपलर सोडवायची वाकडी दांडी असते. ती मी ०.३२ मिलिमीटरच्या फॉस्फर ब्राँझ तारेची वळते. टोकाच्या पट्टीत ८० नंबरच्या ड्रिलने, हाताच्या पिन व्हाइसमध्ये धरून, दोन भोकं पाडायची, त्यांत टोकाला बारीक कडी असलेले खिळे बसवायचे आणि तार त्यांतून ओवायची. तारेचं आतलं टोक कपलरच्या डोक्याजवळ यावं पण त्याला शिवू नये. शिवलं तर मिशांची सगळी मेहनत वाया, कपलर मध्यावर परत येणार नाही. तार बसवल्यावर दातकोरणीची चाचणी पुन्हा करायची. मोटारीच्या ड्रिलने हे काम होत नाही, एवढं पातळ पातं एका झटक्यात तुटतं.

किटबरोबर येणाऱ्या, चढताना धरायच्या साच्यातल्या जाड कड्या खरवडून तारेच्या कड्या लावल्या की वाघिणीचं रूप पालटतं. टिची कंपनीच्या तयार वळवलेल्या कड्या आणि ब्रेकचे भाग मला आवडतात. प्लॅस्टिकचं ओतकाम अतिशय रेखीव असतं आणि रेघा ठळक येतात. ब्रेकची मांडणी करताना वाघिणीचा काळ बघा. एबी नावाचा हवेचा ब्रेक १९३३ पासूनच्या नव्या वाघिणींवर आला. त्यात तीन वेगळे भाग दिसतात: सिलिंडर, दोन कप्प्यांची हवेची टाकी आणि मधला व्हॉल्व्ह. व्हॉल्व्हकडून टाकीला दोन नळ्या जातात, सिलिंडरला एक, गाडीभर धावणाऱ्या मुख्य पाइपला एक, आणि एक बारीक नळी हातब्रेकच्या टोकाकडे वर चढते. एवढ्या पाच नळ्या तारेने दाखवल्या तरी तळ जिवंत वाटतो. त्याहून जुन्या के ब्रेकमध्ये सिलिंडर आणि टाकी बहुतेक वेळा एकमेकांना जोडून असतात, तारांचं काम फार कमी. छपरावरच्या चालायच्या फळीचंही तसंच: १९६६ नंतरच्या नव्या बंद वाघिणीवर ती लावू नका. आणि कडेला रंगीत आडव्या पट्ट्यांचं लेबल लावायचं असेल तर तुमचं दृश्य १९६७ च्या पुढचं हवं, कारण आपोआप वाघीण ओळखण्याची ती पद्धत तेव्हा सुरू झाली आणि दहा-एक वर्षांतच गुंडाळली गेली.

रंगाबद्दल एकच सूचना, तीही कपलरपुरती. काळपट डोकं नवं-नवं दिसतं; त्यावर गंजाच्या रंगाचा पातळ हात छान दिसतो. मी ब्रशने, पाण्यात खूप पातळ केलेला ॲक्रिलिक रंग फक्त डोक्याच्या बाहेरच्या अंगाला लावते. जबड्याच्या सांध्यात, स्प्रिंगवर आणि मिशांवर रंगाचा थेंबही जाता कामा नये. फवाऱ्याने वाघीण रंगवायची असेल तर आधी कपलर काढून ठेवा. स्क्रूने बसवलेली डबी इथे दुसऱ्यांदा उपयोगी पडते.

१४८ मध्ये न आवडण्यासारखंही आहे. डोकं खऱ्या प्रमाणापेक्षा मोठं आहे. छायाचित्रात, विशेषतः वाघिणीचं टोक समोरून टिपलं तर, ते चटकन जाणवतं. कॅडीचाच १५८ याच मिशांसह लहान डोक्याचा आहे आणि १४८ शी बिनतक्रार जोडला जातो. पण लहान डोकं म्हणजे पकडीचा घेरही लहान. दोन वाघिणी थोड्या तिरक्या असतील तर १५८ चुकतो. मी प्रदर्शनातल्या मोजक्या वाघिणींना १५८ लावते आणि रोज राबणाऱ्यांना १४८.

ट्रिप पिन ही दुसरी अडचण. ती हवेच्या नळीसारखी दिसावी म्हणून वाकवलेली असते, पण खरी नळी कपलरच्या बाजूला असते, खाली मध्यावर नाही. चुंबक वापरायचेच नसतील तर पिन कापून टाका, बाजूला रबरी नळीचा सुटा भाग लावा, आणि वाघिणी सोडवायला बांबूची टोकदार काडी दोन जबड्यांमध्ये घालून हलकेच फिरवा. फार सुंदर दिसतं. माझी साइडिंग भिंतीकडे दूरवर गेलेली आहेत, हात पोहोचत नाही, म्हणून मी पिना ठेवल्या.

जबड्याची स्प्रिंग इतकी बारीक आहे की उडाली की गेलीच. सुट्या स्प्रिंगा वेगळ्या मिळतात, त्या जवळ ठेवाव्यात. बसवताना धारदार पात्याचं टोक स्प्रिंगच्या दोन वेटोळ्यांमध्ये अडकवायचं, तिचं एक टोक जबड्याच्या खुंटीवर ठेवायचं, दाबून दुसरं टोक समोरच्या खुंटीवर उतरवायचं आणि पातं अलगद बाहेर ओढायचं. हे सगळं पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून करा. सटकली तरी पिशवीतच राहते.

लांब गाडीत याच स्प्रिंगांमुळे शेवटच्या वाघिणी उतारावर किंचित पुढे-मागे होतात. इंजिन सावकाश चालवणाऱ्याला ते दिसतं. शेवटच्या डब्याच्या एखाद्या आसाला जरासा अटकाव केला तर ही हालचाल थांबते.

प्लॅस्टिकचे, याच्याशी जुळणारे कपलर बाजारात भरपूर आहेत. चुंबकी रचनेचं पेटंट संपल्यानंतर ते आले. तयार गाड्यांवर अनेकदा तेच लावलेले मिळतात. मी एका उत्पादकाचे बरेच वापरले आहेत. सुरुवातीला ते चांगले चालतात, पण ज्यांच्यात धातूच्या स्प्रिंगऐवजी प्लॅस्टिकची लवचिक काडी जबडा मिटवते, त्यांचा जोर कालांतराने ओसरतो. वीस-बावीस वाघिणींचा भार चढावर पडला की जबडा कलतो आणि गाडी मधोमध दुभंगते. चार-पाच वाघिणींची गाडी सपाटीवर चालवणाऱ्याला ते पुरतील. लांब मालगाडी आणि चढ दोन्ही असतील तर धातूशिवाय पर्याय नाही.

सगळ्याच गाड्यांना मात्र १४८ घालू नका. वाघिणीच्या टोकाला पुढे आलेली पायरी किंवा धक्का झेलणारी उशी असेल तर मध्यम दांडी अपुरी पडते, डोकं आत दडतं आणि वळणावर वाघिणींची टोकं एकमेकांना घासतात. तिथे लांब दांडीचा १४६ लावावा. ८५ फुटी प्रवासी डबे अठरा इंच त्रिज्येच्या घट्ट वळणावर तळाला जोडलेल्या कपलरने मुळीच चालत नाहीत, टोकं इतकी बाहेर फेकली जातात की कपलर शेजारच्या डब्याला रुळाबाहेर ओढतो. तिथे वळण मोठं करा नाहीतर कपलर बोगीवरच राहू द्या. चाळीस आणि पन्नास फुटी मालवाघिणींना मात्र हाच कपलर, आणि एकदा निर्णय घेतलात की सगळ्या वाघिणी एकाच खेपेला बदला. अर्ध्या जुन्या, अर्ध्या नव्या ठेवल्या तर दोन्ही टोकांना वेगळे आकडे लावलेली एक मधली वाघीण कायम गाडीत घ्यावी लागते आणि यार्डात प्रत्येक हालचाल तिच्याभोवती फिरते.